पाइन क्रीक : परतीची वाट नसलेली घळ

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांपैकी यूटा संस्थानाच्या नैर्ऋत्य कोपऱ्यात, कोलोराडोचे विस्तीर्ण पठार जेथे पायरीपायरीने खाली उतरू लागते त्या रूक्ष मुलखात, झायन नावाचे राष्ट्रीय उद्यान आहे. व्हर्जिन नदीने कोरलेल्या तेथील भव्य दरीची कीर्ती सर्वदूर असून दरवर्षी लक्षावधी प्रवासी येऊन तिचे तांबडे कडे माना उंचावून पाहतात. परंतु त्याच उद्यानात, मोटारींच्या हमरस्त्याला अगदी लगटून, एक घळ अशी आहे की जिचे अंतरंग केवळ दोराच्या आधाराने उतरणाऱ्यालाच पाहावयास मिळते. तिचे नाव पाइन क्रीक.

हा मुलूख मूळचा दक्षिण पायूट लोकांचा. १९०९ साली अध्यक्ष टॅफ्ट यांनी येथील दरी ‘मुकुंतुवीप’ या पायूट नावाने राष्ट्रीय स्मारक म्हणून जाहीर केली. १९१८ मध्ये ते नाव जाऊन मॉर्मन वसाहतवाल्यांत रूढ झालेले झायन हे नाव दफ्तरी चढले आणि पुढच्याच वर्षी त्या स्थळास राष्ट्रीय उद्यानाचा दर्जा मिळाला. पूर्वेकडून मोटारी आत आणण्यासाठी १९२७ ते १९३० या काळात कड्याच्या पोटातून १.१ मैल लांबीचा बोगदा खोदण्यात आला. खोदाईचा दगड बाहेर लोटण्यासाठी त्याला ठेवलेली गवाक्षे पाइन क्रीकच्याच दरीत उघडतात. बोगद्याच्या पूर्व तोंडाशी एक लहानसा वाहनतळ आहे. तेथून खाली उतरून पुलाखालून गेले की थोड्याच वेळात दोन्ही बाजूंच्या भिंती जवळ येऊ लागतात, रस्त्यावरचा गलबला मागे पडतो आणि आकाशाची एक वाकडीतिकडी पट्टी तेवढी डोक्यावर शिल्लक राहते.

या भिंती ज्या वालुकाश्माच्या आहेत, तो नावाहो नामक खडक म्हणजे सुमारे १८ कोटी वर्षांपूर्वी येथे पसरलेल्या अफाट वाळवंटाच्या टेकड्याच होत. वाऱ्याने रचलेले त्या टेकड्यांचे तिरपे थर आजही भिंतींवर रेषांच्या रूपाने स्पष्ट दिसतात, आणि लोहद्रव्यामुळे त्यांना कोठे केशरी तर कोठे गडद तांबडी छटा आलेली आहे. झायनमध्ये या खडकाची जाडी सुमारे २,००० फुटांपर्यंत असून त्याला उभ्या भेगा पडलेल्या आहेत. वर्षाकाठी जेमतेम पंधरा-सोळा इंच पाऊस पडणाऱ्या या प्रदेशात पाण्याने एवढ्या खोल घळी कोराव्यात याचे प्रथमदर्शनी आश्चर्य वाटते. तथापि जो पाऊस पडतो तो बहुधा अकस्मात आणि एकवटून पडतो. माती व झाडोरा यांचा अभाव असलेला उघडा खडक त्याला मुरू देत नाही, सारे पाणी त्या भेगांकडे धाव घेते, आणि सोबत आणलेल्या वाळूगोट्यांनी त्यांचा तळ खरवडीत जाते. निघोजला कुकडीच्या पात्रात जसे रांजणखळगे आहेत तसे खळगे याच क्रियेने येथेही तयार झाले आहेत. त्यांत साठलेल्या पाण्याला सूर्याचे दर्शन क्वचितच होत असल्याने भर उन्हाळ्यातही ते इतके गार असते की वेटसूट न घालता उतरणाऱ्याला हुडहुडी भरून त्याचे हात निकामी होण्याचा धोका असतो.

घळीत लहानमोठे मिळून पाच-सहा टप्पे दोराने उतरावे लागतात. त्यांपैकी एका टप्प्याला तेथील मंडळी ‘कॅथीड्रल’ म्हणतात. वर एकमेकींकडे झुकलेल्या भिंतींच्या फटींतून तिरपा उजेड आत येतो आणि उतरणारा त्या अंधाऱ्या दालनात, खालच्या डोहाकडे, हळूहळू सोडला जातो. अखेरचा टप्पा सुमारे १०० फुटांचा असून त्याचा बराचसा भाग अधांतरी आहे. पाय टेकावयास भिंत नसल्याने हार्नेसमध्ये बसून, डिसेंडरमधून सरकणारा दोर मुठीत आवळीत वा सैल करीत खाली यावे लागते. तळाशी एक झरा पाझरतो; पुढे प्रचंड शिळांतून चढउतार करीत गेल्यावर बोगद्याखालच्या वळणावळणांच्या रस्त्यावर बाहेर पडता येते.

आमच्याकडे अकोले तालुक्यातील साम्रदच्या सांदण दरीमुळे अशा अरुंद घळी आणि त्यांतले रॅपलिंग मराठी भटक्यांना अपरिचित नाही. परंतु कडा चढणाऱ्यास शक्ती संपली वा हवा बिघडली तर माघारी फिरण्याची मुभा असते. घळ उतरणाऱ्याची ती मुभा पहिल्याच टप्प्यावर संपते. खडकातील बोल्टना बांधलेल्या पट्ट्यांच्या कडीतून दोर ओवलेला असतो. शेवटचा गडी उतरण्यापूर्वी खालचा मनुष्य हात-दोन हात दोर ओढून तो मोकळा सरकतो की नाही याची खात्री करून घेतो, आणि सर्वजण खाली आल्यावर एक टोक ओढले की दुसरे टोक कडीतून निसटून सळसळत खाली येते. त्या क्षणापासून पुढे जाण्यावाचून गत्यंतर नसते, कारण जी गुळगुळीत भिंत आपण उतरून आलो ती बिनदोराने चढणे मनुष्याच्या आवाक्यातले नसते. अशा ओढलेल्या दोरांनी कड्यांच्या कडांवर, विहिरीच्या काठावर पडतात तसे, खोल चरे पाडले आहेत. खडक ठिसूळ, त्यात दोर वाळूने माखलेला. तो एखाद्या चऱ्यात रुतून बसला तर पुढच्या टप्प्यासाठी हाती काहीच उरत नाही. म्हणून जाणती मंडळी कडी कडेच्या पलीकडे येईल इतकी पट्टी लांब सोडतात.

घळीतून चालताना मान वर केली तर भिंतींच्या बेचक्यांत, पुरुष-दीड पुरुष उंचीवर, ओंडके अडकलेले आढळतात. ते तेथे पुराने नेऊन ठेवलेले असतात, आणि पाणी कोठवर चढते याचा त्याहून विश्वसनीय दाखला दुसरा नाही. जुलै ते सप्टेंबर हा येथील वळिवाचा काळ. १४ सप्टेंबर २०१५ रोजी याच उद्यानाच्या पूर्वेकडील कीहोल नामक घळीत, जी आकाराने छोटी आणि नवशिक्यांसही झेपणारी म्हणून गणली जाई, उतरलेले सात जण अचानक आलेल्या लोंढ्यात सापडून दगावले. त्यांच्यापाशी रीतसर परवाना होता, आणि पुराची शक्यता असल्याचा त्या दिवसाचा इशाराही जाहीर झालेला होता.

या घळींत उतरण्यासाठी अर्ज करून उद्यानाचा परवाना घ्यावा लागतो. रोजच्या माणसांच्या संख्येवर मर्यादा असते, आणि हवामान खात्याचा पुराविषयीचा त्या दिवसाचा अंदाज अर्जदारापुढे ठेवला जातो. मात्र सुरक्षिततेची जबाबदारी सर्वस्वी उतरणाऱ्याचीच, अशी परवान्याची शर्त असते. ती वरवर सरकारी अंग काढून घेण्याची तऱ्हा वाटली तरी घळीच्या प्रकृतीशी तंतोतंत जुळणारी आहे. कारण ढग येथून दिसत नाहीत, मैलोगणती दूर पडलेल्या पावसाची वर्दी पाण्यापूर्वी कोणी देत नाही, आणि दोर एकदा ओढला की शहाणपण सुचूनही त्याचा उपयोग उरत नाही. जो काही विचार करावयाचा तो बोगद्याच्या तोंडाशी, कोरड्या अंगाने उभे असतानाच करणे प्राप्त आहे. वसंताच्या अखेरीस वा वळीव सरल्यावर, निरभ्र दिवशी, सकाळी लवकर आणि अनुभवी सोबत्यांसह जावे. आणि आकाशाविषयी जराही किंतु वाटला तर परवाना खिशात घालून वरच्या रस्त्यावरूनच माघारी वळावे. या मुलखात मुरलेले दोरवाले असे माघारी वळणे कौशल्यातच जमा धरतात.