नळी मोठी, माप जुने

मी पेपर तपासत बसलो होतो, तेवढ्यात धारवाडहून अक्काचा फोन आला. "तुझ्या भाच्याने गाडीचं काय करून ठेवलंय ते येऊन बघ. ह्यांनी त्याच्याशी बोलणं टाकलंय. कॉलेजात फिजिक्स शिकवतोस ना, मग घरच्या माणसांना काहीतरी उपयोग होऊ दे त्याचा."

गाडी भावजींची. निवृत्तीनंतर हौसेने घेतलेली, जुनी पण जपलेली टर्बो पेट्रोल गाडी. भाच्याने इंजिनिअरिंग दुसऱ्या वर्षी सोडले आणि त्याला गॅरेज काढायचे आहे. भावजींना ते मान्य नाही. "ज्याला कॉलेज झेपलं नाही त्याच्या हातात लोक गाड्या देतील का?" हा त्यांचा रोकडा प्रश्न. तरी मुलाचा हट्ट म्हणून त्यांनी त्याला टर्बो बदलू दिला होता, आणि ते काम त्याने नीट केलेही होते. फसले ते पुढचे काम.

इंजिनात किती हवा शिरते हे मोजणारा एक सेन्सर एअर फिल्टरच्या पुढे नळीत बसवलेला असतो. नवा टर्बो जास्त हवा ओढू लागला, तेव्हा वरच्या वेगात या सेन्सरचे माप संपू लागले. तो साधारण पाच व्होल्टपर्यंतच सांगू शकतो. त्यापुढे हवा कितीही वाढली तरी आकडा तिथेच थांबतो. भाच्याने यावर उपाय काढला. बेळगावात उद्यमबागेतल्या एका लेथवाल्याकडून त्याने अॅल्युमिनियमची मोठी नळी करून घेतली आणि जुना सेन्सर तिच्यात बसवला. नळी मोठी म्हणजे हवेचा वेग कमी आणि मापाला वर जागा मोकळी. विचार अगदी बरोबर होता. फक्त गाडीच्या संगणकाला हे कोणी सांगितलेच नव्हते.

मी पोहोचलो तेव्हा गाडी उभ्या जागी आचके देत होती. डॅशबोर्डवर इंजिनाचा पिवळा दिवा पेटलेला. स्कॅनरवर 'पी ०१७१' हा कोड, म्हणजे मिश्रणात पेट्रोल कमी. भाच्याने तोवर प्लग बदलले होते, पेट्रोल फिल्टर बदलला होता, पंपही बदलून झाला होता. चढावर पेडल दाबले की इंजिनातून टकटक ऐकू यायची. ती टकटक ऐकून मात्र माझ्याही पोटात गोळा आला.

तारेला काय कळते?

हा सेन्सर खरे तर हवा मोजत नाही, तो स्वतःचे गार होणे मोजतो. त्यात एक बारीक तार किंवा पातळ पट्टी असते. विजेने ती भोवतालच्या हवेपेक्षा ठरावीक अंशांनी गरम ठेवतात. वारा लागला की ती निवते, आणि तिला पुन्हा तितकीच गरम ठेवायला जास्त वीज लागते. बशीत ओतलेल्या चहावर फुंकर घालताना आपण जे करतो तेच हे. जितकी जोराची फुंकर, तितकी उष्णता जास्त जाते.

कॅनडातल्या मॅकगिल विद्यापीठातले एल. व्ही. किंग यांनी १९१४ साली याचे गणित मांडले. तारेची जाणारी उष्णता वाऱ्याच्या वेगाच्या वर्गमुळाच्या हिशेबाने वाढते. म्हणजे वारा चौपट झाला तर उष्णतेचा वाढता भाग फक्त दुप्पट होतो. त्यामुळे व्होल्टची एकेक पायरी वर चढताना हवा मात्र झपाट्याने वाढत जाते. म्हणून संगणकात एक तक्ता भरून ठेवलेला असतो: इतके व्होल्ट म्हणजे इतके ग्रॅम हवा.

या पद्धतीचा एक मोठा गुण आहे. विरळ हवेने तार कमी निवते, त्यामुळे माप थेट वजनाचे मिळते. बेळगाव समुद्रसपाटीपासून सुमारे साडेसातशे मीटर उंचीवर आहे आणि इथली हवा पणजीच्या मानाने सुमारे सात टक्के विरळ आहे. चोर्ला घाट उतरताना अशा गाडीला हा फरक वेगळा शिकवावा लागत नाही.

पण एक गोष्ट तारेला कधीच कळत नाही. आपण केवढ्या नळीत उभे आहोत, हे तिला ठाऊक नसते. तिला फक्त अंगावरून जाणारा वारा कळतो.

शेराचा हिशेब

आमच्या घरी आई अजून जुन्या मापांची नावे घेते. दोन चिपट्यांचे मापटे, दोन मापट्यांचा शेर, दोन शेरांची अधोली, दोन अधोल्यांची पायली. पण एका गावचा शेर दुसऱ्या गावी तेवढाच भरेल याची खात्री पूर्वी कोणालाच नसे. अक्काचे लग्न होऊन ती धारवाडला गेली. तिथे तिने आईने सांगितलेले प्रमाण सासरच्या शेराने मोजले, आणि पहिल्याच सणाला तिचा भात दोन दिवस पुरला. मोजण्यात ती चुकली नव्हती. भांडे बदलले होते.

मी भाच्याला कागद-पेन्सिल घेऊन बसवले. व्हर्निअरने दोन्ही नळ्या मोजल्या. जुनीचा आतला व्यास ६० मिलिमीटर, नवीचा ७०. "दहाच मिलिमीटर तर फरक आहे, मामा," तो म्हणाला. पण हवा व्यासातून जात नाही, क्षेत्रफळातून जाते. सत्तरचा वर्ग भागिले साठचा वर्ग म्हणजे १.३६. तेवढीच हवा आता १.३६ पट मोठ्या वाटेने जाणार, म्हणजे तिचा वेग सुमारे २६ टक्क्यांनी उतरणार. तार प्रामाणिकपणे कमी वारा सांगणार आणि संगणक जुना तक्ता बघून कमी पेट्रोल सोडणार.

पेट्रोल नीट जळायला एका भाग पेट्रोलला सुमारे १४.७ भाग हवा लागते. इथे ती वीस भाग झाली होती. एक्झॉस्टमधला ऑक्सिजन सेन्सर ही चूक पकडतो आणि संगणक पेट्रोल वाढवत जातो, पण बहुतेक गाड्यांत ही दुरुस्ती २५ टक्क्यांच्या आसपास थांबते. आपल्याला हवे होते ३६. म्हणून पिवळा दिवा पेटला होता.

खरा धोका याच्याही पुढे होता. पेडल पूर्ण दाबले की असा संगणक ऑक्सिजन सेन्सरचे ऐकणे सोडतो आणि तक्त्यावर विसंबतो. शिवाय हवा कमी दिसते म्हणजे इंजिनावर ओझे कमी, असे समजून तो ठिणगीही जरा लवकर टाकतो. पेट्रोल कमी आणि ठिणगी आगाऊ, त्यात टर्बोचा दाब. ती टकटक याचीच होती. असेच चालवत राहिले असते तर पिस्टन वितळायला एखादा घाट पुरला असता.

गुणाकार अपुरा पडला

"इंजेक्टर लहान आहेत असं संगणकाला खोटंच सांगितलं तर?" भाच्याने विचारले. हा उपाय त्याला कोणीतरी सुचवला होता. त्याने पेट्रोल जमले असते, पण संगणकाला ओझे कमीच दिसत राहिले असते आणि ठिणगी चुकीचीच पडली असती. जिथे चूक आहे तिथेच ती दुरुस्त करायची. तक्त्यातल्या व्होल्टना हात लावायचा नाही. त्यांच्यासमोरचे हवेचे आकडे १.३६ ने गुणायचे. लॅपटॉपवर ते काम तासाभरात झाले. मी मास्तरी थाटात म्हणालो, "झालं, आता चालव."

गाडी रस्त्यावर बरी धावली, पण उभ्या जागी तिचे आचके थांबले नाहीत. माझे गणित बरोबर होते, मग अडले कुठे? शेवटी त्या लेथवाल्यांकडेच गेलो. साठीचे गृहस्थ, शाळा सातवीपर्यंत. त्यांनी नळी हातात घेऊन आत बोट फिरवले आणि म्हणाले, "सर, सेन्सरची दांडी तेवढीच आहे. जुन्या नळीत ती मध्यावर पोचायची, हिच्यात पाच मिलिमीटर अलीकडेच राहते. आणि जुन्या नळीतली जाळी कुठाय?"

वारा नळीत सगळीकडे सारख्या वेगाने वाहत नाही; कडेला मंद, मध्यावर जोरात. फिल्टरनंतर वळण असेल तर तो एका बाजूला लोटला जातो, आणि तो सरळ करायलाच जाळी असते. माझ्या गुणाकारात हे काहीच नव्हते. त्यांनी सेन्सरची बैठक पाच मिलिमीटर आत घेतली, जाळी बसवली आणि वळणापुढे सरळ नळीचा एक तुकडा जोडून दिला.

पुढचे आठ दिवस भाच्याने जे केले त्याला मी अभ्यास म्हणेन. इंजिन पूर्ण गरम झाल्यावर एकेका स्थिर वेगात गाडी चालवायची आणि संगणक किती टक्के दुरुस्ती करतो ते टिपायचे. जिथे तो पाच टक्के पेट्रोल वाढवतो, तिथे तक्त्यातला तेवढ्या व्होल्टसमोरचा आकडा पाच टक्क्यांनी वाढवायचा. जिथे कमी करतो, तिथे कमी. शेजारच्या आकड्यांत उडी राहू द्यायची नाही. मग पुन्हा फेरी. वहीची अकरा पाने भरली आणि सगळीकडे दुरुस्ती तीन टक्क्यांच्या आत आली. पूर्ण पेडलची तपासणी रस्त्यावर करायची नसते. त्यासाठी तो गाडी बेंगळुरूला घेऊन गेला आणि रोलरवर, वाइडबँड ऑक्सिजन सेन्सर लावून ती पुरी केली.

घरच्या मुलांना असा नाद असेल तर दोन गोष्टी जरूर सांगा. वाहनाच्या मूळ रचनेत बदल करण्यावर मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमाची बंधने आहेत; आधी आरटीओत विचारावे. आणि नळी बदलली असेल तर तक्ता जुळेपर्यंत पेडल जोरात दाबू नये.

भावजी परवा गाडी घेऊन बेळगावला आले. सोबत अक्का आणि मागच्या सीटवर भाचा. मी काही विचारण्याआधीच भाच्याने ती वही त्यांच्यापुढे ठेवली. भावजींनी चष्मा लावून अकराही पाने उलटली. बँकेत तीस वर्षे खातेवह्या पाहिलेला माणूस. आकडा खरा की ओढून आणलेला हे त्यांना कळते. एका पानावर बोट ठेवून त्यांनी विचारले, "हे खोडून परत का लिहिलंस?"

"तेव्हा इंजिन गरम झालं नव्हतं, अप्पा. ते माप धरायचं नाही."

भावजींनी वही मिटली. "ईग सरि आयतु," एवढेच म्हणाले. गॅरेजचा विषय अजून निघालेला नाही. पण परतताना गाडीची किल्ली त्यांनी मुलाच्या हातात दिली आणि स्वतः शेजारी बसले.