शनिवारचा पोस्टमन आपल्याला हवा का?



मागच्या महिन्यात एका ग्रामसंघाच्या बैठकीला गेले होते. हप्त्यांचा विषय संपला, चहा आला आणि गप्पा निघाल्या पोस्टाच्या. एक ताई म्हणाली, "आता कोन चिठ्ठ्या लिहिते जी? मोबाईल हाय ना सगळ्याइले. सनिवारी पोस्ट बंद केलं तं काय बिघडते?" दोघीचौघींनी माना डोलावल्या. मलाही आधी तसंच वाटलं. कोपऱ्यात बसलेली एक मोठी ताई मात्र म्हणाली, "बाकी दिवस मी वावरात राह्यतो. माह्या नावाची डाक आली तं सनिवारीच हाती पडते."

घरी परतताना बसमध्ये हेच डोक्यात होतं. म्हणून या अंकात कर्जाचा विषय बाजूला ठेवून पोस्टाबद्दल लिहिते आहे. वाचत गेलात की कळेल, तो कर्जापासून फारसा दूर नाही.

आपल्याकडे पोस्ट सोमवार ते शनिवार असं सहा दिवस चालतं. रविवारी सुट्टी. ही रविवारची सुट्टीसुद्धा आयती मिळालेली नाही बरं का. महात्मा फुल्यांचे सहकारी नारायण मेघाजी लोखंडे मुंबईच्या गिरणी कामगारांसाठी कित्येक वर्षं झगडले, तेव्हा 10 जून 1890 रोजी रविवारची सुट्टी मान्य झाली. पुढे 2005 मध्ये टपाल खात्याने त्यांच्या नावाचं तिकीटही काढलं.

आता इतर कचेऱ्या बघा. केंद्र सरकारच्या कार्यालयांना 1985 पासून पाच दिवसांचा आठवडा आहे. राज्य सरकारच्या कार्यालयांना 29 फेब्रुवारी 2020 पासून. म्हणजे शनिवारी तहसीलला गेलात तर कुलूप. बँक दुसऱ्या आणि चौथ्या शनिवारी बंद, आणि सगळेच शनिवार बंद ठेवा ही बँक कर्मचाऱ्यांची मागणी जुनी आहे. मग शनिवारी गावात सरकारचं म्हणून उघडं काय राहतं? शाळा, तीही सकाळची. आणि पोस्ट.

बाहेरच्या देशांत हा वाद बराच पुढे गेलाय. कॅनडाने शनिवारी पत्रं वाटणं 1969 मध्येच बंद केलं. अमेरिकेच्या टपाल खात्याने फेब्रुवारी 2013 मध्ये जाहीर केलं, की ऑगस्टपासून शनिवारी पत्रं वाटणार नाही, फक्त पार्सल वाटू. तिथल्या संसदेने अडवलं आणि एप्रिलमध्ये तो निर्णय मागे घ्यावा लागला. इंग्लंडमध्ये जुलै 2025 पासून स्वस्त दराची पत्रं शनिवारी वाटणं थांबलं. डेन्मार्कने तर कमालच केली. तिथल्या सरकारी टपाल कंपनीने 2025 च्या डिसेंबरअखेर पत्रं वाटणंच बंद केलं, आता फक्त पार्सल. कारण सगळीकडे एकच सांगतात, की पत्रं कमी झाली आणि खर्च तेवढाच राहिला.

पत्रं आपल्याकडेही कमी झाली, हे खरंच आहे. 1949 मध्ये रात्रीची विमान टपाल सेवा सुरू झाली, तेव्हा दिल्ली, मुंबई, कलकत्ता आणि मद्रासहून निघालेली विमानं मध्यरात्री आपल्या नागपुरात उतरायची, डाकेच्या थैल्यांची अदलाबदल करायची आणि पहाटे परत जायची. पत्रासाठी विमान रात्री उडायचं! आज खुशालीचं पत्र कुणाच्या घरी येतं? माझ्या आयुष्यात मला हाताने लिहिलेली जेमतेम तीन पत्रं आली असतील, त्यातलं एक मामाच्या लग्नाचं.

पण खुशालीचं पत्र गेलं म्हणून डाक गेली असं नाही. आता पोस्टमनच्या थैलीत काय असतं ते बघा. एटीएम कार्ड, पॅन कार्ड, आधारचं पत्र, पोराच्या नोकरीचा कॉल, बँकेची नोटीस, वकिलाची नोटीस, लोकअदालतीचं बोलावणं. पूर्वीच्या पत्राला आठ दिवस उशीर झाला तर आत्या रुसायची, एवढंच. आताच्या कागदाला मुदत असते.

थैलीसोबत त्याच्याकडे मोबाईल आणि अंगठ्याचं यंत्रही असतं. इंडिया पोस्ट पेमेंट्स बँक 1 सप्टेंबर 2018 ला सुरू झाली. आता, तुमचं खातं कुठल्याही बँकेत असो, ते आधारशी जोडलेलं असेल तर अंगठा लावून डाकसेवकाकडून पैसे काढता येतात. लाडक्या बहिणीचे 1500 रुपये काढायला किती जणी तालुक्याला भाडं घालून जातात आणि किती जणी गावातच काढतात, हे तुमच्याच गटात विचारून बघा. शनिवारी बँक बंद असताना हे यंत्र गावात चालू असतं.

आता नोटिशीचं बोलू, कारण सगळ्यात मोठी चूक इथे होते.

आपल्याकडे रजिस्ट्री आली की घरात धडकी भरते. "घेऊ नको, घेतली की अडकशील," असं सासरे सांगतात, शेजारी सांगतात. एका ताईने अशीच नोटीस परत पाठवली होती. दिराच्या कर्जाला तिने जामीन म्हणून चेक दिला होता आणि तो वटला नव्हता. तिला वाटलं, कागद घेतला नाही म्हणजे आपल्याला काही माहीतच नाही. पण कायदा तसं मानत नाही. 1897 च्या जनरल क्लॉजेस ॲक्टचं कलम 27 सांगतं, की बरोबर पत्त्यावर, टपालखर्च भरून, रजिस्टर पोस्टाने पाठवलेलं पत्र पोचलं असंच धरायचं. पोचलं नाही हे सिद्ध करणं मग तुमच्या अंगावर येतं. पाकिटावर पोस्टमनने "घेण्यास नकार" असा शेरा लिहिला, की तो शेराच कोर्टात पुरावा होतो.

चेक वटला नाही तर समोरच्याला आधी नोटीस द्यावी लागते, आणि नोटीस मिळाल्यापासून पैसे भरायला 15 दिवस मिळतात. हे 15 दिवस तुमच्या फायद्याचे आहेत. त्या दिवसांत पैसे भरता येतात, समोरच्याशी बोलता येतं. नोटीस परत केली तर हे दिवस तुम्हाला न कळताच निघून जातात, आणि पुढचा कागद थेट कोर्टाचा येतो. त्या ताईचं तेच झालं. म्हणून रजिस्ट्री घ्या, उघडा, तारीख लिहून ठेवा आणि वाचता येत नसेल तर त्याच दिवशी सीआरपी ताईला दाखवा. वकील परवडत नाही म्हणून गप्प बसू नका. 1987 च्या कायद्याप्रमाणे बाईला मोफत वकील मिळतो, तिची कमाई कितीही असो. तालुका विधी सेवा समितीकडे जा, किंवा 15100 वर फोन करा.

लोकअदालतीचंही सांगते. थकीत कर्जाची तडजोड तिथे होते, हे तुम्हाला माहीत आहे. राष्ट्रीय लोकअदालत बहुतेक वेळा शनिवारीच भरते. बोलावणं आदल्या शनिवारी हाती पडलं तर तयारीला पूर्ण आठवडा मिळतो. सोमवारी पडलं तर दोन दिवस कमी. आणि सोमवारी तुम्ही कापूस वेचायला गेलात, दार बंद, तर मग?

या "दार बंद"मध्येच सगळी गोम आहे. नागपुरात बुक झालेलं स्पीड पोस्ट छाटणी होऊन तालुक्याच्या पोस्टात येतं, तिथून गावच्या शाखा डाकघराची थैली निघते. थैली आली की मोजणी, नोंद आणि मग वाटप. थैली गावात पोचते साधारण ज्या वेळी आपण वावरात असतो त्याच वेळी. काटोल-नरखेडकडे संत्र्याचा तोडा असो की भिवापूरकडे मिरची तोडणी, घरी म्हातारं माणूस नाहीतर कुलूप. शनिवारी निदान पोट्टे सकाळची शाळा करून अकरा-साडेअकराला घरी असतात, "आई अमक्याच्या वावरात हाय" एवढं तरी सांगतात. सहीचं टपाल दिलं गेलं नाही तर पोस्टात साधारण सात दिवस राहतं, मग पाठवणाऱ्याकडे परत. या सात दिवसांत एक रविवार येतोच. त्यातून शनिवारही काढला आणि एखादा सण आला, तर उरले चार दिवस. त्या चारही दिवशी तुम्ही मजुरीवर असाल तर तुमचं एटीएम कार्ड आलं तसं परत गेलं समजा.

दुसरी बाजूही आहे, आणि ती मी मुद्दाम लिहिते, कारण आपल्या काही मैत्रिणीच त्या बाजूला उभ्या आहेत. ग्रामीण डाकसेवकाची भरती दहावीच्या गुणांवर होते, त्यामुळे हल्ली कितीतरी गावांत ही नोकरी मुली करतात. कागदावर काम रोज चार ते पाच तासांचं. 2018 च्या दरांप्रमाणे मूळ भत्ता 10,000 रुपयांपासून सुरू होतो, वर महागाई भत्ता. प्रत्यक्षात थैली उशिरा आली, नेटवर्क गेलं, की संध्याकाळ होते. एका डाकसेविकेला मी विचारलं, शनिवार सुट्टी मिळाली तर? ती हसली. म्हणाली, "सुट्टी मिळंल, पण सोमवारी दोन दिवसांची डाक माह्याच डोक्यावर. वाटणारं दुसरं कोन हाय?" सुट्टी द्यायची तर बदली माणूस द्यावा लागेल, नुसता वार बंद करून तिचं ओझं कमी होत नाही.

माझं मत विचाराल तर असं आहे. साधी पत्रं, जाहिराती, मासिकं (आपलं हे पत्रकसुद्धा) सोमवारी आली तरी कुणाचं काही अडत नाही. पण सहीचं टपाल आणि अंगठ्यावरचे पैसे शनिवारी मिळायलाच हवेत. शहरातल्या माणसाला शनिवार सुट्टीचा असतो. कार्ड आलं नाही तर तो ॲपवर बघतो, बँकेत फोन करतो. आपल्याकडे शनिवार हा सरकारी कागद हाती पडण्याचा शेवटचा वार आहे. डेन्मार्कचा हिशोब नरखेडला लावून चालणार नाही.

पण खरं सांगू का, शनिवारी पोस्टमन आला तरी कितीदा टपाल परत जातं ते आपल्या नावामुळे. आधारवर एक नाव, बँकेत माहेरचं आडनाव, आणि गावात ओळखतात "गुड्डूची आई" म्हणून. नवीन डाकसेवक बिचारा विचारत फिरतो आणि त्या नावाची बाई गावात कुणालाच माहीत नसते! वीस वर्षं नांदलेल्या गावात आपलं नाव कुणाला ठाऊक नाही, याचं मला दर वेळी वाईट वाटतं. ते असो. उपाय आपल्या हातात आहे. फॉर्म भरताना पत्त्यात नवऱ्याचं किंवा सासऱ्याचं नाव, घर क्रमांक, वॉर्ड, मु., पो., ता., जि., पिनकोड आणि चालू मोबाईल नंबर, एवढं सगळं लिहा. "पो." म्हणजे तुमच्या गावाचं पोस्ट ज्या गावी आहे ते, तुमचं गाव नव्हे. इथे फार चुका होतात.

मोबाईल नंबरचं आता जास्तच महत्त्व आहे. 2025 पासून रजिस्टर पोस्ट वेगळं राहिलं नाही, ते स्पीड पोस्टमध्ये मिसळलं. ज्याच्या नावाचं त्याच्याच हाती पडावं अशी नोंदणी हवी असेल, तर पाठवणारा 5 रुपये आणि त्यावरचा कर जास्तीचे भरतो. ओटीपीवर टपाल देण्याची सोयही आली आहे. पाठवणाऱ्याकडे तुमचा जुना, बंद पडलेला नंबर असेल तर ओटीपी जाईल हवेत. मात्र एक जपा. "तुमचं पार्सल अडकलंय, पत्ता अपूर्ण आहे, लिंक दाबा" असा मेसेज आला तर दाबू नका, ती फसवणूक असते. ओटीपी सांगायचा तो टपाल घेऊन दारात उभ्या असलेल्या डाकसेवकालाच, फोनवर कुणालाच नाही.

कामाच्या हंगामात तुम्ही घरी नसाल तर तुमचं टपाल कुणी घ्यायचं, हे पोस्टाला लेखी कळवता येतं. कागदावर तुमचं नाव, त्या व्यक्तीचं नाव, दोघींच्या सह्या. कार्ड किंवा नोटीस येणार हे आधी ठाऊक असेल, तर पाठवणाऱ्याकडून तेरा अक्षर-आकड्यांचा स्पीड पोस्ट नंबर मागून घ्या. टपाल कुठे पोचलं ते 1800-266-6868 या मोफत नंबरवर कळतं.

आणि पुढच्या बैठकीत एक काम करू या. प्रत्येक गटाच्या सचिव ताईने एका कागदावर सगळ्या सदस्यांची आधारवरची नावं लिहायची, समोर गावात कोणत्या नावाने ओळखतात ते, वॉर्ड, आणि दिवसा कुठे सापडेल ते. आधार नंबर किंवा खाते नंबर त्यावर अजिबात लिहायचा नाही. ज्या ताईला आपलं नाव द्यायचं नसेल तिचं घ्यायचं नाही. हा कागद आपल्या डाकसेवकाला, डाकसेविकेला नेऊन द्यायचा. जमलं तर शनिवारी, साडेअकरानंतर.

तुमची,
क्षेत्र समन्वयक