लेंडीपुराण

सशाच्या पिंजऱ्यापाशी गेलं की लोक त्याचे कान बघतात. मी खालचा ट्रे बघतो. कोल्ह्या-ससाण्यांच्या तोंडी जाणाऱ्या या जातीला आजारीपण दाखवणं कधी परवडलंच नाही. त्यामुळे पाळलेला ससाही दुखणं शेवटपर्यंत लपवतो. ट्रे मात्र काहीच लपवत नाही. धडधाकट ससा दिवसाला दोनशे-तीनशे लेंड्या टाकतो. गोल, कोरड्या, एकाच मापाच्या. चुरडल्या तर आत नुसता गवताचा भुसा. त्या बारीक, वेड्यावाकड्या किंवा केसांत ओवल्यासारख्या दिसू लागल्या की आतड्याची चाल मंदावतेय असं समजावं.

  आता मला सशाच्या दुसऱ्या प्रकारच्या लेंडीबद्दल बोलायचंय. ती मऊ, काळसर, चकचकीत, घडाने येणारी आणि उग्र वासाची. ससा तोंड मागे नेऊन ती तिथल्या तिथे, न चावता गिळतो. पाहुणे शिसारी आल्यासारखं करतात, पण हे त्याचं हक्काचं जेवण आहे. त्याचं मोठं आतडं गवताचे जाड तंतू पुढे ढकलून कोरडी लेंडी बनवतं, आणि बारीक कण उलटे सीकम नावाच्या अवाढव्य पिशवीत पाठवतं. तिथले जंतू ते आंबवून प्रथिनं आणि ब जीवनसत्त्वं तयार करतात. फ्रान्समधल्या मोरो नावाच्या पशुवैद्याने १८८२ मध्ये हा प्रकार नोंदवला. त्याआधी कित्येक शतकं बायबलच्या जुन्या करारात ससा रवंथ करणाऱ्यांच्या यादीत होता. चूक म्हणावी, तर तीही किती जवळ जाणारी!

हे घड न खाता ट्रेमध्ये पडून राहत असतील, तर बहुधा खाण्यात पिष्ट आणि साखर जास्त झालीय. नाहीतर ससा इतका सुटलाय की तोंड मागे पोचत नाही. बाजारात सशाबरोबर गाजर, चणे, पाव खिलवण्याचे सल्लेही फुकट मिळतात. मला त्यांचा राग येतो. पिंजऱ्यात चोवीस तास गवत हवं. ओटचं वाळलेलं गवत चालतं, मारवेल चालतं आणि गणपतीला वाहतो ती दूर्वा तर उत्तमच. गाजराची चकती अधूनमधून, लाडापुरती.

दिवाळीत ठाण्याला एका काकूंकडे गेलो होतो. आदल्या रात्री फटाके झाले आणि सकाळपासून सशाने कोथिंबिरीला तोंड लावलं नव्हतं. “उपास धरलाय जणू,” काकू म्हणाल्या. तो कोपऱ्यात अंग चोरून, पोट जमिनीला दाबून दात करकरवत होता. ट्रे रिकामा. भीती, उकाडा, दातांचं दुखणं, कमी पाणी, कशानेही आतडं थांबतं, गॅस धरतो, त्या दुखण्याने ससा आणखी खात नाही. दहा-बारा तास खाणं आणि लेंड्या बंद म्हणजे तातडीचा प्रसंग. उद्या बघू म्हणायचं नाही. पातळ जुलाब लागले तरी तेच, विशेषतः पिल्लाला.

डॉक्टरकडे नेताना त्याचं अंग गार लागत असेल तर वाटेत ऊब द्यावी. कान गार पडणं वाईट लक्षण. पोट अचानक फुगून टणक झालं असेल तर सिरिंजने काहीही भरवू नये. सशाला उलटी होत नाही, आणि आतडं तुंबलेलं असेल तर भरवणं जिवावर बेततं. म्हणून आधी एक्स-रे. तुंबलेलं नसेल तर सलाइन, वेदनाशामक आणि सिरिंजने गवताच्या भुकटीची पेज. घरातलं अमॉक्सिसिलिन कधीही पाजू नये; सीकममधले उपयोगी जंतू मरतात, विषारी माजतात आणि ससा दगावू शकतो. म्हणून सशांवर नेहमी उपचार करणारा डॉक्टर आजारपणाआधीच शोधून ठेवावा.

उपचारांनंतर काकूंच्या सशाने दुसऱ्या दिवशी बारक्या, चिकट अशा मोजक्या लेंड्या टाकल्या. काकूंनी फोटो फॅमिली ग्रुपवर टाकला, ऐन फराळाच्या वेळी. पूर्ण माप यायला आणखी काही दिवस लागतात. तोवर डॉक्टरांना न विचारता औषध बंद करायचं नाही.