रात्री बर्फ गोठला का?

मे महिन्यात पुण्या-मुंबईची कितीतरी मंडळी हिमाचलातला सर पास चढायला जातात. आपल्याकडे रणरणता उन्हाळा असतो, तिकडे १३,८०० फुटांवर अजून वसंतच चाललेला असतो. खिंडीखालच्या नगारूच्या तळावर एक तक्रार ठरलेली: अपरात्री उठवतात हो! तंबूबाहेर कडाक्याची थंडी, अंधारात टॉर्च लावून रांगेत निघायचं आणि वाटाड्याचं एकच पालुपद, ‘चलो, चलो.’ सूर्योदय दाखवायला नेतात, असा अनेकांचा समज असतो. खरं कारण पायाखाली असतं.

दिवसा उन्हाने बर्फाचा वरचा थर पाझरतो. रात्र निरभ्र असली की त्यातली उष्णता आकाशात निघून जाते, ओले कण एकमेकांना चिकटतात आणि वर टणक कवच धरतं. पहाटे त्यावर बूट टेकवला तर नुसतं करकर वाजतं, ठसाही धड उमटत नाही. ऊन चढलं की तोच बर्फ भिजवलेल्या साबुदाण्यासारखा मोकळा होतो. पाय आधी घोट्यापर्यंत जातो, मग गुडघ्यापर्यंत. गुडघा रुतेपर्यंत जो उतारावर रेंगाळला, त्याने उशीर केला असंच समजायचं.

कारण तोवर पाणी आत उतरलेलं असतं. हिवाळ्यात साठलेले थर ऐन वसंतात वरपासून तळापर्यंत शून्य अंशावर येतात, मग झिरपणारं पाणी वाटेत गोठत नाही. ते एखाद्या ठिसूळ थरापाशी किंवा थेट गुळगुळीत खडकावर पोचतं आणि वरचा सगळा भार निसटतो. पावसाळ्यात दरडी पाहिलेल्या माणसाला हे वेगळं समजवायला नको. धोका जास्त असतो तो ३० ते ४५ अंशांच्या उतारांवर. त्याहून उभ्या कड्यांवर बर्फ फारसा साठतच नाही, थोडाथोडा झडून जातो.

डोंगर इशारा देतो, पण ओरडून नाही. आधी खडकांच्या कडेने लाडवाएवढे गोळे सुटतात आणि घरंगळताना बर्फ गुंडाळत सुरळ्या होतात. पूर्वेकडच्या उतारांवर हे आधी दिसतं, कारण ऊन तिथे पहिलं पोचतं. पर्यटक याचे फोटो काढतात. जाणता वाटाड्या वाट बदलतो.

सगळंच मात्र घड्याळावर चालत नाही. एप्रिलपर्यंत पश्चिमी विक्षोभ हिमालयात ताजा बर्फ टाकत राहतात, आणि जुन्या थरावर हे नवं ओझं कोणत्याही वेळी घसरू शकतं. २८ फेब्रुवारी २०२५ ला उत्तराखंडात बद्रीनाथजवळच्या माणा इथे जोरदार हिमवृष्टीनंतर पहाटे हिमकडा कोसळला तो रस्तेबांधणी कामगारांच्या छावणीवर. त्याखाली ५४ जण अडकले, त्यांतले आठ दगावले. सिक्कीममध्ये ४ एप्रिल २०२३ ला नाथू ला रस्त्यावर सात पर्यटक असेच बर्फाखाली दगावले. परवाना तेराव्या मैलापर्यंतचा होता, दुर्घटना घडली पंधराव्या मैलाजवळ. बर्फात खेळायचा मोह कोणाला होत नाही? पण ती तेराव्या मैलाची मर्यादा कोणीतरी उतार पाहूनच आखलेली होती, एवढं मानायला हरकत नसावी.

ओल्या बर्फाचा लोंढा कोरड्याइतका वेगवान नसतो, पण भलताच जड असतो. थांबला की सिमेंटसारखा आवळतो, हाताने उकरून निघत नाही. गाडल्या गेलेल्याला पहिल्या पंधराएक मिनिटांत बाहेर काढलं तर तो वाचण्याची शक्यता चांगली असते, नंतर ती झपाट्याने घसरते. मदतीची गाडी तेवढ्या वेळात येत नसते. वाचवतात ते सोबतचेच. त्यासाठी अंगावर संकेत पाठवणारा बीकन, शोधायला लांब सळई आणि उकरायला फावडं लागतं. आपल्या हौशी ट्रेकच्या सॅकमध्ये सेल्फी स्टिक हमखास सापडते, या तिन्ही वस्तू क्वचितच.

ढगाळ रात्र सगळ्यात फसवी. ढग पांघरुणासारखे उष्णता अडवतात, थंडी कमी वाजते, मंडळी खूश असतात. वाटाड्या मात्र दोन वाजता बाहेर येऊन बर्फात काठी टोचून बघतो. ती वीतभर सहज आत गेली, तर तो कोणालाच उठवत नाही.