दुनळी, रायफल आणि कुडाची भिंत

जंगलाला लागून वावर आणि वावरात एकटं घर असलं की बंदुकीच्या परवान्याचा विचार कधीतरी मनात येतोच. मग पुढचा प्रश्न: बारा बोअरची दुनळी घ्यावी की .३१५ ची रायफल? रायफल रुबाबदार दिसते, तिचा मारही लांबचा, म्हणून मन तिकडे ओढ घेतं. पण चंद्रपूर-गडचिरोलीत या प्रश्नाचं अर्धं उत्तर कायद्यानेच देऊन ठेवलं आहे. उरलेलं अर्धं घराच्या भिंती पाहून मिळतं.

दुनळीच्या नळ्या आतून गुळगुळीत असतात. काडतुसातले छर्रे बाहेर पडले की पसरत जातात आणि हवेच्या अडथळ्याने त्यांचा जोर लवकर उतरतो. बारीक छर्र्यांचा उपयोग तीस-पस्तीस मीटरपर्यंतच. बोअरचा आकडा जुन्या हिशेबाचा आहे. एक पौंड शिशाच्या सारख्या बारा गोळ्या केल्या, तर त्यातली एक जेवढी जाड तेवढी नळी, म्हणजे सुमारे साडेअठरा मिलिमीटर. रायफलीच्या नळीत मात्र पिळाच्या खाचा असतात. त्यांतून गोळी स्वतःभोवती फिरत सुटते आणि भोवऱ्यासारखी स्थिर राहून सरळ, दूर जाते. .३१५ हे माप इंचातलं, म्हणजे साधारण आठ मिलिमीटर. .३०३ सारखे लष्करी बोअर सामान्य नागरिकाला वर्ज्य, म्हणून इच्छापूरच्या सरकारी कारखान्याची ही रायफल नागरी परवान्यावर चालत आली. नेम चुकला तर तिची गोळी दोन किलोमीटरच्याही पुढे जाऊ शकते.

आता कायदा. शस्त्र अधिनियम १९५९ चं कलम १३ दोन दारं ठेवतं. गुळगुळीत नळीची, किमान वीस इंच लांब नळीची बंदूक संरक्षणासाठी मागितली आणि अर्जदारात काही खोट नसली, तर परवाना द्यावा, असा कायद्याचा रोख आहे. निव्वळ पीक राखायचं असेल तर त्याच कलमात ठासणीची बंदूक सांगितली आहे. ती पुरणार नाही असं अधिकाऱ्याला पटलं, तरच गुळगुळीत नळीची दुसरी बंदूक मिळते. रायफल दुसऱ्या दारातून येते. तिथे ‘सबळ कारण’ अर्जदारानेच दाखवायचं असतं, आणि ‘लांबवर मारता येतं’ हे कारण होत नाही. परवाना देणारे जिल्हाधिकारी, चौकशी पोलिसांची. २०१९ च्या दुरुस्तीनंतर एका माणसाला जास्तीत जास्त दोन बंदुका ठेवता येतात आणि परवान्याची मुदत पाच वर्षांची झाली आहे. ठासणीची बंदूक इकडे ‘भरमार’ म्हणून ओळखली जाते. गडचिरोलीत पोलिसांच्या आवाहनानंतर गावकऱ्यांनी ज्या भरमार बंदुका जमा केल्या, त्या बिनपरवान्याच्या होत्या. तो मार्ग या लेखाचा विषयच नाही.

घरात शिरलेल्या चोराचा विचार करू. चार-पाच मीटरवर छर्रे फार तर पंजाएवढे पसरतात. म्हणजे ‘दुनळीला नेम लागत नाही’ ही समजूत खोलीच्या आत खोटी ठरते. बांबूच्या तट्ट्यावर माती लिंपलेला कूड जाड छर्रेही भेदतात, मग रायफलीच्या गोळीचं काय सांगावं! ती पलीकडच्या खोलीतून, तिथून शेजारच्या घरात जाईल. म्हणून कोण कुठे झोपलं आहे हे ठाऊक असल्याशिवाय दोन्ही धोक्याच्या, पण रायफल कितीतरी जास्त. शिवाय भारतीय न्याय संहितेच्या कलम ३४ ते ४४ मध्ये स्वसंरक्षणाचा हक्क असला, तरी तो गरजेपुरताच आहे. पळणाऱ्याच्या पाठीत गोळी घातली तर तो हक्क पाठीशी उभा राहत नाही.

खरं तर इथे बंदूक आठवते ती रानडुकरामुळे. सिंदेवाही, नागभीड, मूल या धानपट्ट्यात एका रात्रीत बांधी उलथून टाकणारा कळप ज्याने पाहिला, त्याला कलमं सांगणं जिवावर येतं. तरी सांगायलाच हवं: पीकसंरक्षणाचा परवाना म्हणजे डुक्कर मारायची मुभा नव्हे. बंदुकीचा कागद जिल्हाधिकाऱ्यांचा, डुकराचा वन विभागाचा. वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२ च्या कलम ११ खाली लेखी परवानगी लागते आणि मारलेलं जनावर सरकारी मालमत्ता ठरतं. बारीक छर्र्याने डुक्कर मरत नाही, जखमी होतं, आणि जखमी डुक्कर अंगावर येतं. इथे जाड छर्रेच हवेत, तेही जवळून. रायफल इथे अचूक खरी, पण सपाट बांधीत शेजारच्या वावरातही कुणीतरी जागलीवर बसलेला असतो. मचाणावरून खाली मारलेली गोळी मातीत जाते. बांधावर उभं राहून आडवी मारलेली कुठे जाईल हे मारणाऱ्यालाही सांगता येत नाही. (कुंपणात वीज सोडणं हा या सगळ्यांहून वाईट प्रकार. त्यात डुकरांबरोबर वाघही मेले, माणसंही.)

वाघ-बिबट्यासाठी घरात बंदूक हवी, हा युक्तिवाद मला पटत नाही. वाघाचे बळी बहुतेक मोहफुलं, तेंदूपत्ता, सरपण, गुरं यांच्या मागे जंगलात गेलेल्यांचे आहेत. घरातल्या बंदुकीचा तिथे उपयोग काय? बिबट्या मात्र अंगणापर्यंत येतो, चंद्रपूरजवळच्या दुर्गापूरच्या लोकांना ते सांगायला नको. जीव वाचवताना सद्भावनेने जनावर मारलं तर कलम ११ गुन्हा मानत नाही. पण कायद्याच्या अनुसूचीतल्या वाघाला मारायचा आदेश फक्त मुख्य वन्यजीव रक्षक देऊ शकतात, तोही लेखी. माणसं मारणाऱ्या सीटी-१ या वाघालाही २०२२ मध्ये वडसा परिसरात बेशुद्ध करून पकडलं, ते बेशुद्धीच्या इंजेक्शनच्या बंदुकीने.

तेव्हा घरासाठी परवाना काढायचाच असेल तर बारा बोअर. काडतुसं पुण्याच्या खडकी कारखान्याची मिळतात. बंदूक एका कुलपात आणि काडतुसं दुसऱ्यात ठेवायची, विशेषतः घरात मुलं असताना. त्यामुळे अचानक आलेल्या संकटात ती हाती यायला वेळ लागणारच, म्हणून अंगणातला दिवा आणि जागं कुत्रं आधी हवं. बंदूक असलेलं घर बंदूक शोधणाऱ्यांच्याही नजरेत येतं, म्हणून चार लोकांत तिची चर्चा करू नये. आणि निवडणुकीची आचारसंहिता लागली की छाननी समिती ज्यांना सांगेल त्यांची बंदूक निकालानंतर आठवडाभरापर्यंत ठाण्यात जमा असते. तेवढे दिवस पिकाची राखण फटाके, टॉर्च आणि हाळीवरच.