गाडी दारात, कंपनी परदेशात!

घराखालोखाल मध्यमवर्गीय कुटुंबाची सर्वांत मोठी खरेदी म्हणजे मोटार. त्यामुळेच ‘आमच्याकडे पहिल्यापासून याच कंपनीची गाडी’ असे अनेक घरांत अभिमानाने सांगितले जाते. ही निष्ठा नेमकी कशावर उभी असते? गाडी बिघडत नाही यावर, की बिघडलेली गाडी विनासायास दुरुस्त होते यावर? आजवरचा अनुभव दुसऱ्या उत्तराकडे बोट दाखवितो.

मुंबईत कुर्ल्याच्या कारखान्यात तयार होणाऱ्या प्रीमियर पद्मिनीचेच उदाहरण घ्या. भर उन्हात घाट चढताना इंजिन तापणे, बॉनेट उघडून गाडी थंड होण्याची वाट पाहणे, हे तिच्या मालकांच्या अंगवळणी पडले होते. त्या काळी पर्याय मोजकेच होते, हे खरे. परंतु पर्याय आल्यानंतरही टॅक्सीचालकांनी तिला लगेच सोडले नाही. साधी रचना, सहज मिळणारे सुटे भाग आणि नाक्यावरच्या मेकॅनिकला तिची असलेली खडान्‌खडा माहिती, ही त्यामागील कारणे. २००३ मध्ये नोंदणी झालेली मुंबईतील अखेरची पद्मिनी टॅक्सी वयोमर्यादा संपल्यावर, २०२३ मध्येच रस्त्यावरून उतरली.

डिसेंबर १९८३ मध्ये आलेल्या मारुती ८०० ने या विश्वासाला आधुनिक रूप दिले. गाडी अधिक भरवशाची होतीच. शिवाय गावोगावी पसरलेली सेवा केंद्रे आणि जुन्या गाडीला मिळणारी चांगली किंमत यांमुळे ग्राहक दुसऱ्या गाडीसाठीही त्याच कंपनीकडे वळू लागला.

याउलट अनुभव देवूच्या ग्राहकांना आला. मॅटिझ ही चालवायला सुखद अशी छोटी गाडी. मात्र, मूळ कोरियन उद्योगसमूह १९९९ मध्ये कर्जाच्या ओझ्याखाली कोसळला आणि काही वर्षांतच भारतातील उत्पादनही थांबले. पुढे जनरल मोटर्सने २०१७ अखेर शेवरोले गाड्यांची देशातील विक्री बंद केली. पुण्याजवळील तळेगावच्या कारखान्यातील उत्पादनही २०२० अखेर थांबले. फोर्डने २०२१ मध्ये भारतातील उत्पादन गुंडाळण्याची घोषणा केली. विक्रीनंतरची सेवा सुरू ठेवण्याचे आश्वासन दोन्ही कंपन्यांनी दिले. तथापि, नव्या गाड्यांची विक्री थांबली, की वितरकाचे उत्पन्न आटते, सेवा केंद्रे कमी होतात आणि जुन्या गाडीचा ग्राहक भाव पाडून मागू लागतो. गाडी उत्तम स्थितीत असूनही मालकाला फटका बसतो तो असा.

आज हा प्रश्न अधिक गंभीर झाला आहे. पद्मिनीचा कार्ब्युरेटर पाना आणि स्क्रू-ड्रायव्हरने उघडता येत असे. आताच्या गाडीतील सेन्सरचा दोष शोधण्यास स्कॅनर लागतो आणि काही भागांसाठी कंपनीच्याच सॉफ्टवेअरची गरज भासते. साहजिकच मालकाचे कंपनीवरील अवलंबित्व वाढले आहे.

म्हणूनच गाडी घेताना केवळ नाव आणि ॲव्हरेज पाहून भागणार नाही. जवळचे सेवा केंद्र किती अंतरावर आहे, बंपर वा हेडलाइट मिळण्यास किती दिवस लागतात, वॉरंटीतून काय वगळले आहे आणि त्याच मॉडेलची पाच वर्षे जुनी गाडी कितीला विकली जाते, याची चौकशी शोरूमबाहेर, प्रत्यक्ष मालकांकडे करावी. ग्राहकाने कंपनीशी निष्ठा जरूर ठेवावी. परंतु कंपनीही आपल्याशी तितकीच निष्ठा राखेल का, हे सही करण्यापूर्वी तपासलेले बरे.