दृश्यफितीतून हलत्या मीमची निर्मिती : मुक्त संगणकप्रणालींचा वापर व अध्यापकाचा विवेक

प्रस्तावना :
माहिती-तंत्रज्ञानाच्या प्रसारामुळे विद्यार्थ्यांच्या परस्परसंवादाचे स्वरूप झपाट्याने बदलले आहे. प्रतिक्रिया शब्दांत लिहिण्याऐवजी दोन-तीन सेकंदांचे, पुनःपुन्हा फिरणारे हलते चित्र पाठविणे आता नित्याचे झाले आहे. अशा चित्रास 'मीम' असे म्हणतात. रिचर्ड डॉकिन्स यांनी १९७६ साली 'द सेल्फिश जीन' या ग्रंथात ही संज्ञा अनुकरणाने पसरणाऱ्या सांस्कृतिक घटकासाठी प्रथम योजली. प्रस्तुत लेखकाला एका तासाला नेमका शब्द आठवला नाही. ती तीन सेकंदांची अडखळ विद्यार्थ्यांनी अशाच चित्रात बांधली आणि संपूर्ण व्याख्यानातील तेवढेच सर्वांच्या स्मरणात राहिले. हे चित्र कसे तयार होते आणि ते करताना काय गाळले जाते, हे जाणून घेण्याची निकड त्यातून निर्माण झाली.

१. जिफ स्वरूपाची ओळख :
अशी चित्रे बहुधा 'ग्राफिक्स इंटरचेंज फॉरमॅट' म्हणजे 'जिफ' या स्वरूपात साठविली जातात. कॉम्प्युसर्व्ह या अमेरिकन कंपनीने ते १९८७ साली प्रसृत केले. त्यातील माहिती आटोपशीर करणाऱ्या पद्धतीवर पेटंट असल्याने मुक्त संगणकप्रणालींना दीर्घकाळ अडचण होती. अमेरिकेतील पेटंटची मुदत २००३ मध्ये संपली आणि पुढील वर्षी अन्य प्रमुख देशांतील अडसरही दूर झाला. या स्वरूपाच्या तीन मर्यादा लक्षात घ्याव्यात : एका चौकटीच्या रंगतक्त्यात कमाल २५६ रंग असतात, ध्वनी नसतो, आणि दोन चौकटींमधील अंतर सेकंदाच्या शंभराव्या भागात मोजले जाते.

२. निर्मितीची प्रक्रिया :
यासाठी 'शॉटकट' व 'गिंप' या दोन विनामूल्य, मुक्त प्रणाली पुरेशा आहेत. उदाहरणादाखल मटकीला मोड येतानाची स्वतः चित्रित केलेली दृश्यफीत घेऊ. तीवर 'उद्या जर्नल तपासणार!' अशी ओळ घातल्यास निपचित पडलेला दाणा खडबडून उठल्याचा भास होतो.

(अ) शॉटकटमध्ये फितीतील तीन सेकंदांचा भाग निवडून बाकीचा कापावा व 'टेक्स्ट' फिल्टरने ओळ घालावी.
(आ) रुंदी ४८०, उंची २७० बिंदू आणि सेकंदाला १० चौकटी असे प्रमाण ठेवून सुट्या चित्रांची मालिका काढावी. ३० चित्रे मिळतात.
(इ) गिंपमध्ये ती 'ओपन अ‍ॅज लेयर्स' या आज्ञेने एकत्र उघडावीत. सर्वांत खालचा थर प्रथम दिसतो; म्हणून क्रम तपासून घ्यावा.
(ई) चित्र 'इंडेक्स्ड' प्रकारात बदलून जिफ म्हणून निर्यात करावे. त्या वेळी 'अ‍ॅज अ‍ॅनिमेशन' व 'लूप फॉरेव्हर' हे पर्याय निवडून चौकटींतील अंतर १०० मिलिसेकंद ठेवावे.

चौकटी कमी करण्यामागे साधे गणित आहे. वरील आकाराच्या एका चौकटीत १,२९,६०० बिंदू असतात. सेकंदाला २५ चौकटी ठेवल्यास तीन सेकंदांत ९७ लाखांहून अधिक बिंदू साठवावे लागतात. १० ठेवल्यास सुमारे ३९ लाख पुरतात.

३. देवनागरी मजकूर :
बारीक टंकातील शिरोरेषा व मात्रा लहान आकारात तुटक दिसतात. म्हणून जाड टंक, पांढरी अक्षरे व गडद कडा असा मेळ ठेवावा. ओळ चार-पाच शब्दांपलीकडे नसावी. निर्यातीपूर्वी जोडाक्षरे व ऱ्हस्व वेलांटी योग्य जागी उमटली आहेत का, हे पाहावे.

४. निवडीची जबाबदारी :
दादासाहेब फाळके यांनी १९१२ साली 'अंकुराची वाढ' या लघुपटात वाटाण्याच्या रोपाची संथ वाढ मोजक्या चौकटी टिपून वेगाने दाखविली. तेथे गाळलेल्या काळामुळे डोळ्यांना न दिसणारे सत्य दिसू लागले. मीममध्येही काळ गाळला जातो; परंतु विषय माणूस असेल तर आधीचे व नंतरचे वाक्य नाहीसे होते आणि पुनरावृत्तीमुळे एका क्षणाची चूक स्वभाव म्हणून ठसते. यास्तव व्यक्तीच्या चित्रणापूर्वी तिची संमती घ्यावी.

भारतीय कॉपीराइट अधिनियम, १९५७ च्या कलम ५२ मध्ये अध्यापनाच्या ओघात शिक्षक वा विद्यार्थ्याने केलेल्या पुनरुत्पादनास मुभा आहे. मात्र वर्गाबाहेरील प्रसारास तीच मुभा लागू होईल असे गृहीत धरू नये. चित्रपटाचा हक्क प्रकाशनानंतरच्या कॅलेंडर वर्षापासून ६० वर्षे टिकतो. म्हणून स्वतः चित्रित केलेली फीत सर्वांत निर्धोक होय.

निष्कर्ष :
हलते मीम तयार करणे हे एका तासिकेत शिकविता येण्याजोगे कौशल्य आहे. ते विद्यार्थ्यांकडून करवून घेतल्यास कोणते तीन सेकंद ठेवले व कोणते का टाकले, हा प्रश्न त्यांना स्वतःलाच सोडवावा लागतो. प्रस्तुत लेखकाने मटकीचा हा प्रयोग त्याच वर्गाकडून करवून घेतला. त्या अडखळीचे चित्र काढून टाका, असे सांगण्याची वेळ पुढे आली नाही. विद्यार्थ्यांनी ते आपणहून काढले. बंदीपेक्षा निर्मितीचे शिक्षण अधिक परिणामकारक ठरते, एवढे या अनुभवावरून म्हणता येईल.